कदम सरांचे भागाकार

शाळेतले किस्से कुणी साठवत नाही, ते आपोआप साचतात. आमच्या गणिताच्या कदम सरांचे तर एका महिन्यात ढीगभर जमले. वहिनींचे दिवस भरत आले होते, त्यात बीपी वाढलेलं. सरांची नुसती घालमेल! आणि घाबरले, की सर दिसेल ती मोठी संख्या भागायला घेत.

एकदा नसरापूरला वेल्ह्याची वडापची जीप भरली तरी सर नंबरप्लेटसमोर उकिडवे! ड्रायव्हर बिचारा खाली उतरला.

"सर, पासिंग झाल्यालं हाय! कागद दावू का?"

"गप रे! अजून तेविसानं बघायचंय."

पीटीच्या शिंदे सरांनी नवा मोबाईल आणला. कदम सरांनी मोबाईल बाजूला ठेवून खोक्यावरचा पंधरा आकडी नंबर धरला. बऱ्याच वेळानं म्हणाले, "अकरानं भाग जातो!"

शिंदे सरांचा चेहरा पडला. "मग परत देऊ का दुकानात?"

आठवीच्या वर्गात तर कहरच. शाळेत रेंज नाही, त्यामुळे सरांचं अर्धं लक्ष टेबलावरच्या मोबाईलवर. फळ्यावर दहा आकडी संख्या लिहिली, तोच एक पोरगी उठली. "सर, शेवटी पाच हाय. पाचानं जातोय!"

सरांनी घाईघाईनं फळा पुसला. "इतक्या लवकर नाही जायला पाहिजे!"

वर्ग हसला. स्टाफरूममध्ये हे ऐकून मीही पोट धरून हसलो.

मग एका दुपारी भोरच्या दवाखान्यात वहिनींना ऑपरेशनला आत नेलं. बाकावर सर, मी आणि उत्रोलीहून आलेल्या त्यांच्या सासूबाई. सरांनी फाईलवरचा लांबलचक नंबर पाहिला आणि पांढरे पडले.

"काय झालं?" मी विचारलं.

"सम आहे हो! दोनानंच तुटला. संपला!"

"मग बरंच की!"

"बरं कसं? मूळ संख्या असली तर सात, अकरा, तेरा, सतरा... सगळ्यांनी भागून बघावं लागतं. तेवढा वेळ निघतो."

मी मराठीचा मास्तर. औषधाच्या बिलामागं मनाला येतील ते दहा आकडे लिहिले, दोनानं तुटू नये म्हणून शेवटी तेवढा सात टाकला आणि कागद त्यांच्या हातात दिला. सर लगेच कामाला लागले. दार अजून बंदच होतं.

सासूबाई मघापासून बघत होत्या. बाकावरून सरकत माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या,

"गुरुजी, मला बी द्या की एखादा."