म्हातारी तिले काऊन हाकलत नाई

धानोऱ्याकडच्या एका आश्रमशाळेत मी पोरींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला होते. मोठ्या माणसांसमोर माझ्या तोंडातून शब्द निघत नसे. संध्याकाळी मागच्या ओसरीवर दुसऱ्या दिवसाचे तांदूळ निवडायला पोरी जमल्या की मात्र मी गोष्ट सांगत असे. चौथीपर्यंत वाचलेलं आणि लहानपणी ऐकलेलं मोडून त्यातून नवीन जोडायचं, एवढंच मला येत होतं. दिवसभर चुलीपुढं राहून पाठ भरून आलेली असे. गोष्ट चालली की तेवढा वेळ तिचा विसर पडे.

त्या वर्षी जी गोष्ट चालली होती तिच्यात डोंगरापलीकडं एक म्हातारी राहत होती. तिला नदी थांबवायची आणि वाघाला झोपवायची विद्या येत होती, आणि ती पोरींना शिकवत असे. तिच्याकडं एक नवी पोरगी आली. ही पोरगी उठून गेली तरी तिची सावली थोडा वेळ जागेवरच बसून राही. अशी सावली म्हणजे पोरगी काहीतरी लपवते आहे याची खूण. म्हातारीला ते पहिल्याच दिवशी दिसलं, तरी ती तिला शिकवत राहिली.

इथं पोरी अडून बसल्या. एकीनं विचारलं, "मावशे, म्हातारीले दिसून राह्यलं ना? मंग हाकलत काऊन नाई?"

मी म्हटलं, म्हातारी आहे, तिच्यात भांडायची ताकद नाही. ते त्यांना पटलं नाही. दुसऱ्या दिवशी मी सांगितलं की अर्धी विद्या घेऊन पोरगी बाहेर गेली तर जास्त घात होईल. त्यावर सातवीतली मोठी पोरगी म्हणाली, "मंग अर्धी शिकवलीच काऊन? म्हातारीच येडी हाय." सगळ्या हसल्या. मीही हसले. खरं कारण मलाच ठाऊक नव्हतं, म्हणून गोष्ट लांबवत होते.

त्या पोरींत एक त्याच वर्षी आतल्या गावातून आलेली होती. बाप गावचा पेरमा, म्हणजे गावदेवाची पूजा करणारा. तिला मराठी थोडी येत होती, पण अक्षरांची मोठी हौस. तेलाच्या डब्यावरचं लिहिलेलं मला बोट ठेवून वाचून दाखवायची. आणि ओसरीवर गोष्टीच्या आडून बोलणं सगळं तिच्याबद्दलच चाललं होतं. काही दिवसांपासून ती ताट भरून घ्यायची, पंगतीत बसायची नाही, न्हाणीच्या मागं जायची आणि रिकामं ताट घेऊन यायची. शाळेच्या शिपायानं तिला तारेच्या कुंपणापलीकडं भात टाकताना पाहिलं होतं.

त्या वर्षांत जंगलातून कोण येतं, कोण कोणाला भाकर देतं, याची फार चौकशी होत असे. एकदा पोलिसांची जीप शाळेपर्यंत येऊन गेली होती. हेडमास्तर घाबरले. त्यांचं म्हणणं, पोरीचं नाव काढा आणि बापाच्या हवाली करा. तिची मोठी बहीण अशीच एकदा घरी गेली होती. तिचं लग्न झालं, ती परत आली नाही. हिचंही तेच होणार, हे आम्हाला दिसत होतं.

वसतिगृह मोठ्या बाईंच्या हाती होतं. त्या नागपुराकडच्या, पन्नाशीच्या पुढच्या. कोठीची किल्ली कमरेला, आणि विश्वास कोणावरच नाही. खोटं बोललेलं त्यांना खपत नसे. खोटं बोलणाऱ्या पोरीला उन्हात उभं करत. एका दुपारी त्या स्वतः कुंपणाजवळ जाऊन उभ्या राहिल्या. कोणी माणूस आला नाही. भात कुत्र्यानं खाल्ला. त्यांनी पोरीला विचारलं, ती गप्प. बाकीच्यांना विचारलं, त्याही खाली पाहून गप्प. आत येऊन बाई मला म्हणाल्या की एकटी गप्प असती तर समजलं असतं, सगळ्याच गप्प आहेत म्हणून भीती वाटते.

त्याच संध्याकाळी बाई ओसरीच्या पायरीवर येऊन बसल्या. त्यांनी मला गोष्ट सांगा म्हटलं, पण मला काही सुधरेना. तेव्हा सातवीतल्या पोरीनं त्यांनाच विचारलं, की म्हातारी तिला हाकलत का नाही.

बाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. पेरम्याच्या पोरीकडं त्यांनी पाहिलं नाही. म्हणाल्या, "हाकलली तं म्हातारीले कधीच नाई कळनार, थे कोनासाठी लपवून राह्यली. दाराबाहेर गेल्यावर कोन सांगते? इथी हाय तवरिक डोळ्यासमोर तं हाय." मग चष्मा लावून म्हणाल्या, "अन् शंका घेऊन घेऊन थकते ना म्हातारी बी. ज्याच्यावर शंका आली त्याले हाकललं, तं शिकवाचं कोनाले?"

हेडमास्तरांना त्यांनी सांगितलं की बाजाराच्या दिवशी बाप येतो, तोवर पोरगी इथंच राहील. हेडमास्तरांनी बजावलं, काही झालं तर तुमच्या डोक्यावर. बाई बरं म्हणाल्या.

बाप आला तो फडक्यात कैऱ्या बांधून. सातवीतली पोरगी त्याचं बोलणं आम्हाला मराठीत सांगत होती. त्यांच्या गावचा पंडुम, म्हणजे नव्या फळाचा सण, आदल्या दिवशी झाला होता. नवी कैरी गावदेवाला वाहून पेरम्यानं ती वाटल्याशिवाय गावातलं कोणी कैरी खात नाही, आणि प्रत्येक गावाचा दिवस वेगळा. हे लेकीला कळवायला तो चालत आला होता. त्यानं कैरी चिरून फोड दिली. तिनं ती उभ्यानंच खाल्ली, डोळे मिटून.

तेव्हा आमच्या ध्यानात आलं. चिंच संपल्यापासून आम्ही रोज वरणात शाळेमागच्या झाडाची कैरी टाकत होतो. ते वरण कालवलेला भात ही पोरगी बाहेर टाकत होती आणि नुसत्या पाण्यावर निजत होती. सांगता आलं असतं तिला. पण पंगतीतल्या बहुतेक पोरी तशाच गावांतल्या होत्या. त्यांच्यातल्या कितीकांच्या गावचा पंडुम अजून व्हायचा होता, आणि त्या भुकेपोटी रोज खात होत्या. हिनं तोंड उघडलं असतं तर ते त्यांच्या गावापर्यंत गेलं असतं, आणि गावात पुढं कोणाला ताप आला, कोणाचं ढोर मेलं, तर दोष त्या पोरींवर आला असता.

बापानं शाळेमागच्या झाडाकडं पाहिलं. खालच्या फांद्यांवर एकही कैरी नव्हती. मग ओळीनं उभ्या पोरींकडं पाहून काहीतरी विचारलं. सातवीतली लवकर बोलेना. बाईंनी दटावलं तेव्हा म्हणाली, "थे पुसून राह्यले, इथल्या पोरींनं कैरी खाल्ली का म्हनून."

कोणी मान वर केली नाही. पेरम्याची पोरगी तेवढी बाईंकडं पाहत होती.

"सांग त्याले," बाई म्हणाल्या, "इथी कैरी आज पह्यल्यांदाच आली."

ते सांगितल्यावर त्यानं मान हलवली. बाई पायरीवर बसल्या आणि मला हळूच म्हणाल्या, पाहुण्याला चहा ठेवा. मी आत गेले. चुलीवर आंबट वरण उकळत होतं. ते उतरवलं, त्यावर परात झाकली, आणि आधण ठेवलं.