वामनभाऊंची ब्रेन कॅन्सर समिती

दोष वामनभाऊंचा. आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी मला कोणी विचारायला नको. आमच्या वडशात दोन गोष्टींचे ढीग लागतात. राइस मिलच्या मागं कोंड्याचे आणि आमच्या समितीत म्हाताऱ्यांच्या किश्श्यांचे. कोंडा निदान जळतो तरी.

*

आईचं डोकं आठ महिने दुखत होतं. सकाळी उठली की उलटी. मामा म्हणाला, पित्त. शेजारचे वामनभाऊ, रिटायर्ड हेडमास्तर, म्हणाले, "चष्म्याचा नंबर बदलला असन." नागपुरात स्कॅन झाला तेव्हा डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. मी सेकंड इयर सोडलं ते कायमचं.

आईच्या तेरवीच्या पंगतीत वामनभाऊ म्हणाले, "लोकाईले माहीतच नाई ना बाबू. सरकारनं विधानसभेत ब्रेन कॅन्सर जागृती दिवस घोषित केला पाह्यजे. मंग गावोगावी तपासणी होईन."

"तुमाले तरी कुठी माहीत होतं?" मी म्हणालो.

भात वाढणारा जागीच थांबला. भाऊंनी मात्र ताटावरून उठायच्या आत समिती काढली आणि अध्यक्षही झाले. मी सचिव, कारण टायपिंग मलाच येतं. भाऊंचा मला राग होता, पण तो जागृती दिवस मला हवा होता. आईचं तर होऊन गेलं. पुढच्या बाईला कोणी पित्ताची गोळी देऊन घरी बसवू नये, एवढंच.

*

आमदारांना द्यायचं निवेदन मी अकरा वेळा टाइप केलं. मजकुरासाठी नाही, नावांच्या क्रमासाठी. सात उपाध्यक्ष होते आणि सातही जणांना पहिलं यायचं होतं.

आमदारांच्या पीएनं कागद वरून खालपर्यंत पाहिला. "मागणी कुठं आहे?"

आमचे प्रचारप्रमुख शकूरभाऊ शांतपणे म्हणाले, "साहेब, पान पलटवा. मागं हाये, एकदम खाली."

*

शकूरभाऊंचा धंदा म्हणजे ऑटोवर भोंगा लावून झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्याकडच्या रात्रभर चालणाऱ्या नाचगाण्याच्या नाटकांची जाहिरात करणं. आजाराची लक्षणंही त्यांनी त्याच आवाजात पुकारली. "सकाळी उठताच उलटी! एकाचे दोन दिसणे! चालता चालता तोल जाणे! सहकुटुंब, सहपरिवार अवश्य लाभ घ्यावा!"

आठवडी बाजारात एका आजीनं ऑटो थांबवला. "बापू, कोणत्या मैदानात हाये? अन् नाचणारी कोण हाये?"

तेव्हापासून माइक वामनभाऊंनी स्वतःकडे घेतला. कागद समोर धरायचे आणि एक डोळा मिटून लक्षणं वाचायचे. आम्हाला वाटलं, हेडमास्तरकीची ऐट.

*

मग फ्लेक्स आला. वर ठळक अक्षरात 'ब्रेन कॅन्सर', खाली हात जोडलेले भाऊ, डोक्यापासून चपलेपर्यंत. लक्षणं कोपऱ्यात, मुंगीएवढी.

प्रमिलाबाई, दवाखान्यातून रिटायर झालेल्या नर्स, समितीत अक्कल असलेल्या एकट्याच. त्या बघून म्हणाल्या, "भाऊ, लोक समजतीन तुमालेच झाला."

दुसऱ्या दिवशी तीन जण केळी घेऊन भाऊंच्या घरी भेटायला गेले. एकानं तर त्यांच्या बायकोला धीरही दिला. गावभर हसू झालं. भाऊंनी फ्लेक्स उतरवला. केळी ठेवून घेतली.

*

हिवाळी अधिवेशनात घोषणा होणार, असा आमदारांचा निरोप आला तेव्हा अधिवेशनाला दोन महिने होते. त्या दिवशी मीटिंगला भाऊ भिंतीला धरून आले. सकाळी दोनदा उलटी झाली होती, हे त्यांच्या बायकोनं सांगितलं.

प्रमिलाबाई म्हणाल्या, "भाऊ, उद्याच स्कॅन करा."

"अधिवेशन होऊ दे बाई. आता दवाखान्यात गेलो तं लोक पुन्हा केळी घेऊन येतीन."

"गावाले शिकवून राह्यले, अन् स्वतःले?" मी म्हणालो.

"तू आधी कॉलेज पुरं कर. मंग मले शिकव."



*

नागपूर. विधानसभेच्या गॅलरीत आम्ही चौघं, भाऊ नव्या कोटात. खाली आरोग्यमंत्री उठले, दोन वाक्यांत दिवस जाहीर केला, बाकं वाजली, पुढचा विषय सुरू. मला वाटलं होतं रडू येईल. नाही आलं. बाजूला शकूरभाऊ डोळे पुसत होते.

तेवढ्यात भाऊ माझ्या कानाशी वाकले.

"बाबू, मंत्री दोन काऊन उभे होते?"

प्रमिलाबाईंनी त्यांचा दंड धरला. आम्ही तिथूनच दवाखान्यात गेलो. स्कॅनमध्ये गाठ निघाली, ऑपरेशन झालं. भाऊ वाचले. उजवा डोळा गेला.