अभ्यासिकेतला उघडा कॅमेरा

निवृत्त झाले तेव्हा शाळेतल्या सहकाऱ्यांनी मला टॅब भेट दिला. उदगीरच्या शाळेत मी तीस वर्षं भूगोल शिकवला. नॉर्वेची बंदरं, नामिबियाचं वाळवंट, जपानची बेटं, सगळं भिंतीवरच्या नकाशावर छडी ठेवून. स्वतः मी हैदराबादच्या पलीकडं कधी गेले नव्हते. निवृत्तीनंतर आम्ही दोघं लातूरला राहायला आलो, आणि तिथं मला जगभरातल्या थेट कॅमेऱ्यांचा नाद लागला.

कुणीतरी कुठंतरी खांबावर कॅमेरा लावून ठेवलेला असतो आणि समोर जे चाललंय ते आपल्याला घरबसल्या दिसतं. दुपारी भांडी आवरली की मी टॅब घेऊन बसायची. आमच्याकडं दोन वाजलेले, नॉर्वेच्या बंदरात हिवाळ्यातली सकाळ जेमतेम उजाडलेली, आणि जपानच्या एका गल्लीत दिवे लागायला आलेले. पृथ्वी फिरते हे मी हजारो मुलांना शिकवलं असेल, पण ती फिरताना मला पहिल्यांदा दिसली ती या टॅबवर. नामिबियातल्या एका पाणवठ्यावर लांब सरळ शिंगांची जनावरं यायची, पाणी पिऊन निघून जायची. जपानच्या गल्लीत एक म्हातारी संध्याकाळी दुकानाबाहेरच्या फुलांच्या कुंड्या एकेक करून आत न्यायची. मी ह्यांना सांगायची, "अहो, आज म्हातारीनं स्वेटर घातला न्हाई. सर्दी होईल तिला." हे हसायचे.

एका साइटवर देशांची यादी होती. एके दिवशी सहज भारतावर बोट ठेवलं. एकदोन रस्ते, एक देवळाचा घाट, आणि खाली बिननावाच्या चौकटी. त्यातली एक उघडली.

लांबट खोली. भिंतीला टेकून टेबलं, दोन टेबलांच्या मधे पत्र्याचं पार्टिशन, आणि प्रत्येक कप्प्यात एक मुलगी. समोर मराठी पाटी, "शांतता राखा". मी टॅब डोळ्यांजवळ आणला. पाटीखाली अभ्यासिकेचं नाव होतं. आमच्या मागच्या गल्लीतली अभ्यासिका! रोज भाजीला जाताना मी तिच्या पायऱ्यांवर चपलांची रांग बघत होते.

पहिल्या क्षणी गंमत वाटली, खोटं का सांगू. मग एका मुलीनं ओढणी काढून खुर्चीवर टाकली आणि केस मोकळे करून पुन्हा बांधले. दुसरी पुस्तकावर डोकं ठेवून झोपली होती. कोपऱ्यातली एक रडत होती. आवाज येत नव्हता, पण खांदे हलत होते, आणि कुणाला कळू नये म्हणून ती तोंडावर वही धरून बसली होती. पार्टिशनमुळं शेजारणीला ते दिसत नव्हतं. मला दिसत होतं. चौकटीच्या कोपऱ्यात डोळ्याचं चित्र होतं आणि त्याच्या शेजारी आकडा, अकरा. त्या घडीला अकरा जण ते रडणं बघत होते. त्यातली एक मी.

मी ह्यांना हाक मारली. ह्यांनी बघितलं आणि म्हणाले, "पालकांसाठी सोय केली असंल."

"अकरा पालक? आणि मी कुणाची पालक हाय? माझ्या टॅबवर कसं दिसायलंय हे?"

टॅब ह्यांच्या हातात देऊन मी चपला घातल्या. वाटेत जपानची म्हातारी आठवली आणि मला स्वतःचीच लाज वाटली. तिला तरी कुठं ठाऊक होतं की लातुरातली एक बाई तिच्या स्वेटरचा हिशेब ठेवते? पण त्या लाजेनं राग काही कमी झाला नाही, उलट वाढला.

अभ्यासिकेचा मालक खालीच बसला होता. पस्तिशीचा माणूस, बोलायला गोड. "या काकू, नातीसाठी जागा पाहिजे का?"

"आधी वर चला," मी म्हणाले आणि जिना चढू लागले. तो मागून आला. खोलीत पाऊल ठेवलं तोच माझा फोन वाजला. घरून ह्यांचा.

"अगं, दिसायलीस तू. जरा उशिरानं दिसतंय, पण दिसायलीस. मालकाचा चौकड्यांचा शर्टसुद्धा दिसायलाय."

फोन मी स्पीकरवर केला आणि म्हणाले, "पुन्हा सांगा." ह्यांनी पुन्हा सांगितलं. पंचवीसेक मुलींनी एकदम माना वर केल्या.

मालकाचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. "काकू, हे सुरक्षेसाठी हाय. पालकच मागतात. मुदखेडचे, देगलूरचे, लांब लांब राहतात. पोरगी बसली का न्हाई त्यांना बघायचं असतं. म्हणून लिंक दिली."

"मुलींना सांगितलं होतं?"

"कॅमेरा तर दिसतोच की वर."

"कॅमेरा दिसतो. त्याच्या पलीकडून कोण बघायलंय ते दिसतं का? ही लिंक साऱ्या जगाला उघडी हाय."

तो चक्क हसला. "जगाला काय काम पडलंय आमच्या लातूरच्या पोरी बघायचं?"

इतक्या वर्षांत मी वर्गात आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. एवढं आठवतं की मी म्हणाले, "तुमच्या बायकोच्या स्वयंपाकघरात लावा हा कॅमेरा, मग बघू जगाला काम पडतं का." तो म्हणाला, बायकोला मधे आणू नका. मी म्हणाले, या पंचवीस जणींना तुम्ही मधे आणलंत.

तेवढ्यात कोपऱ्यातली मुलगी उठली. तिचे डोळे अजून सुजलेले होते. "आजी, हे माझ्या पप्पांनापण दिसतं?"

"पप्पांना विचार." मी म्हणाले.

"पप्पा फोनवर म्हणतात, आज दुपारी तू झोपलीस. काल तासभर खिडकीत उभी होतीस. मला वाटायचं, इथंच बसणारी माझी रूम पार्टनरच सांगती." तिचा आवाज फुटला. "मी तिला चुगलखोर म्हणले आजी. सगळ्यांदेखत म्हणले. ती खोली सोडून गेली."

शेवटच्या टेबलावरची एक उंच मुलगी खुर्चीवर चढली, वहीचं पुठ्ठं टराटरा फाडलं आणि चिकटपट्टीनं कॅमेऱ्यावर लावून टाकलं. घरून ह्यांचा आवाज आला, "काळं झालं गं."

मालक खवळला. "काढा ते! आता पालकांचे फोन येतील, त्यांना काय सांगू?"

आणि खरंच आले. चित्र काळं झाल्याचं पहिल्या पाच मिनिटांत तिघा पालकांना कळलं, म्हणजे भर दुपारी कामधंदा टाकून ते काय बघत बसले होते ते समजा. मालक फोनवर "हाव साहेब, टेक्निकल हाय साहेब" करत राहिला. चौथा फोन त्या रडणाऱ्या मुलीच्या वडिलांचा होता, मुदखेडहून. मी हात पुढं केला तेव्हा मालकानं फोन मुकाट्यानं दिला.

"तुम्ही कोण?" त्यांनी विचारलं.

"शेजारची बाई. मास्तरीण होते. तुमची पोरगी मी माझ्या घरी बसून बघितली. आज दुपारी."

"मंजे?"

"मंजे मला लिंक कुणी दिली न्हाई, तरी दिसली. आणखी दहा जण बघत होते. ते कुठले, कोण, मला ठाऊक न्हाई. तुम्हाला ठाऊक हाय का?"

ते म्हणाले, "बाई, काळजीपोटी बघत होतो. एकुलती एक हाय. बंद करायला सांगा त्याला." मी म्हणाले, सांगते, पण एक काम तुमचंय. आज ती रडत होती. ते तुम्हाला दिसलं असंल. का रडत होती ते विचारलं का? त्यांनी फोन ठेवला.

मालकानं कॅमेरे बसवणाऱ्याला बोलावलं. तो तिसऱ्या दिवशी आला. तोवर पुठ्ठं निघालं नाही, कारण मी रोज सकाळ-संध्याकाळ जाऊन बघत होते. कॅमेरेवाल्यानं सहज सांगितलं, "चालू करताना सगळ्यांसाठी उघडा ठेवला होता. पासवर्ड टाकायला सांगितलं होतं मालकाला." मालक म्हणाला, सांगितलंच नव्हतं. दोघं एकमेकांकडं बोट दाखवत राहिले. दरम्यान मी पोलीस चौकीतही जाऊन आले. तिथं एका जमादारानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण काकू, नुकसान काय झालं?" मी त्यांना, आपल्याला कोण बघतंय हे ठाऊक नसलेल्या पाणवठ्यावरच्या जनावरांची गोष्ट सांगणार होते, पण त्यांचा चहा आला.

शेवटी पालकांची बैठक झाली. अर्ध्यांना कॅमेरा हवाच होता. एक आई तर माझ्या तोंडावर म्हणाली, तुम्हाला पोरी न्हाईत, म्हणून बोलता. मला दोन पोरी आहेत, पण ते सांगावंसं वाटलं नाही. ठरलं ते असं. कॅमेरा फक्त दारावर राहील, लिंक कुणालाच मिळणार नाही. दोन पालकांनी मुली काढून दुसरीकडं घातल्या, जिथं "पालकांसाठी लाइव्ह सुविधा" असा फ्लेक्स लावलाय. मालक मला आता नमस्कार करत नाही.

आठवड्याभरानं ती कोपऱ्यातली मुलगी घरी आली. म्हणाली, "पार्टनरकडं चला माझ्यासंगं. मी एकटी गेले तर तिला खरं वाटणार न्हाई." तिची पार्टनर आता दोन गल्ल्या सोडून राहत होती. मी खुर्चीत बसून सगळं सांगितलं. कॅमेरा, लिंक, वडिलांचे फोन. पार्टनरनं शेवटपर्यंत ऐकलं. मग मैत्रिणीकडं बघून म्हणाली, "मी दहादा सांगितलं होतं तुला, मी न्हाई म्हणून."

"हाव."

"तवा इश्वास ठेवला न्हाईस."

"न्हाई ठेवला," मुलगी म्हणाली आणि उभीच राहिली. पार्टनरनं पुस्तक मिटलं. कॉटवर पसरलेले पेपर गोळा केले, जरा सरकली. मुलगी कडेला बसली. मी उठून आले.

मालकानं, कॅमेरेवाल्यानं, वडिलांनी, कुणीही त्या खोलीत बसणाऱ्या एकाही मुलीची माफी मागितली नाही. त्या भांडणात चूक कबूल केली ती फक्त त्या पोरीनं, जिचा सगळ्यांत कमी दोष होता. मला अजूनही त्याचाच राग येतो.