खुर्चीच्या हातावरच्या खुणा

फोन वाजला की मला तो उचलावासा वाटत नाही. ही आजची गोष्ट नाही. अंधेरीच्या एका ऑफिसात मी आणि कुंदा उभा जन्म टेलिफोनच्या बोर्डावर बसलो, हजारो लोकांचे फोन जोडून दिले, पण घरचा फोन वाजला की तो वाईटच बातमीचा, अशी माझी खात्री असते. त्या सकाळी दहिसरहून कुंदाच्या वहिनींचा फोन आला तेव्हा मी कुकर लावत होते. वहिनी म्हणाल्या, "शैलाताई, कुंदा गेली. पहाटे, झोपेतच." मी "बरं" म्हटलं. फोन ठेवला, गॅस बंद केला आणि ओट्याला धरून उभी राहिले. वर्षभर या एका फोनची धास्ती घेऊन मी वावरत होते. वाटत होतं, एकदा तो आला की धास्ती तरी सुटेल... आता इतके आठवडे झाले, ती सुटलेली नाही.

कुंदा मला भित्री भागूबाई म्हणायची आणि त्यात खोटं काही नव्हतं. मला सरकत्या जिन्यांची भीती वाटते, लिफ्टची वाटते, अनोळखी इमारतीच्या वॉचमनची तर फारच वाटते. कुंदा माझ्या अगदी उलट. बाप गिरणीत, घर मालवणचं, बालपण दहिसरच्या चाळीत गेलेलं. लग्न केलं नाही, भावाकडे राहिली, आणि कुणाच्या दारात उभं राहून "येऊ का आत?" विचारायला तिला कधी संकोच वाटला नाही. रिटायर झाल्यावर मी बोरिवलीत घरी बसून डाळी निवडायला लागले, तेव्हा तिनंच फर्मान काढलं की दर रविवारी आपण चित्रं बघायला जायचं. मी म्हटलं, आपल्याला चित्रातलं काय कळतं? त्यावर ती म्हणाली, "चित्र नाय गो बघायचं. चित्र काढणारी माणसं बघायची. आपण एवढी वर्षं नुसती दुसऱ्यांची बोलणी जोडली. कोणी मन लावून कायतरी करताना बघितलंस का कधी?"

आणि मग आम्ही उपनगरं पालथी घातली. मुलुंडच्या एका सभागृहात एका निवृत्त शिक्षकाच्या जलरंगांचं प्रदर्शन पाहिलं, तिथं आमच्याखेरीज दुसरं कुणी नसल्यामुळे चित्रकारानं आम्हा दोघींना चहा पाजून प्रत्येक चित्राची हकिकत सांगितली. घाटकोपरला मिठाईच्या दुकानावरच्या माळ्यावर मुलांचा चित्रकलेचा वर्ग चाले, तिथं कुंदा मागच्या बाकावर बसून खडू झिजवणाऱ्या पोरांकडे टक लावून बघे. आरेमध्ये तबेल्यापलीकडे एक मूर्तिकार पत्र्याच्या शेडमध्ये काम करायचा. तिथं गेलो तर फळीवर ओल्या फडक्यांत गुंडाळलेली माणसांची डोकी ओळीनं मांडलेली. माती सुकून तडकू नये म्हणून ती अशी ओली ठेवतात, हे त्यानं नीट समजावून सांगितलं, तरी मी कुंदाचा दंड धरला. कुंदानं सरळ एका डोक्याचं फडकं सोडलं, त्याच्याकडे बघितलं, आणि "मेल्याचं नाक आमच्या मॅनेजरसारखं आहे" म्हणून पुन्हा बांधून ठेवलं. मूर्तिकारही हसला. मी मात्र परतीच्या बसमध्ये बसेपर्यंत तिचा दंड सोडला नाही.

साकीनाक्याचा वर्ग आम्हाला असाच फिरता फिरता सापडला. एका जुन्या औद्योगिक वसाहतीत, खाली लेथ मशीन चाललेली, वर तिसऱ्या मजल्यावरच्या गाळ्यात एक सर रविवारी व्यक्तिचित्रणाचा वर्ग घेत. आर्ट स्कूलला जाणारी मुलं, नोकरी करणाऱ्या बायका, एक दाताचे डॉक्टर, असे सगळे तिथं समोर माणूस बसवून चित्र काढायचे. वर जायला मालाची लिफ्ट, लोखंडी जाळीची, चालताना कण्हणारी. मी डोळे मिटून वर गेले. दार ढकललं तर आतले सगळे बोर्ड मांडून तयार, आणि सर घड्याळाकडे बघत वैतागलेले. कुंदाला बघताच म्हणाले, "मावशी, किती उशीर? बसा, बसा, उजेड चाललाय." त्यांना वाटलं, आज बसायला येणार असलेली बाई ती हीच. मी सांगायला तोंड उघडलं, तोवर कुंदा चपला काढून मधल्या चौथऱ्यावर चढली होती आणि खुर्चीत बसून पदर सारखा करत होती. खरी मॉडेल त्या दिवशी आलीच नाही. सरांना चूक कळली ती पहिल्या सुट्टीत, आणि ती ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. पण तोपर्यंत मुलांनी चेहरा अर्धा उतरवलेला होता, आणि कुंदाला उठायची इच्छा नव्हती.

तेव्हापासून तो तिचा वर्ग झाला. ती बसायची, मी खिडकीशी स्टुलावर विणकाम घेऊन बसायचे. एकच बैठक चार-पाच रविवार चालायची, म्हणून तिथं एक पद्धत होती. मॉडेल बसली की सर खडूनं तिच्या पावलांभोवती रेघ ओढत, खुर्चीच्या पायांपाशी खुणा करत, आणि खुर्चीच्या लाकडी हातावर, जिथं बोटं टेकतील तिथं, एक आडवी रेघ. साधारण अर्ध्या तासानं सर "रेस्ट" म्हणत. मग मॉडेलनं उठायचं, पाय मोकळे करायचे, चहा घ्यायचा, आणि परत येऊन बरोबर त्याच खुणांत बसायचं. चित्र पूर्ण झालं की त्या खुणा मॉडेलनंच ओल्या फडक्यानं पुसायच्या. तोवर त्यांना कुणी हात लावायचा नाही. कुंदाला हे फार आवडलं होतं. स्वतःच्या पावलांच्या रेघांत पाय ठेवताना ती माझ्याकडे बघून डोळा मारायची. घरी कुणाला तिनं सांगितलं नव्हतं, कारण वहिनी म्हणाल्या असत्या, या वयात हे काय खूळ... आणि बसायची कशी, तर दगडासारखी. आयुष्यात एक मिनिट गप्प न बसलेली बाई. दाताचे डॉक्टर म्हणाले होते, माझे पेशंट असे बसतील तर काय हवं.

आमच्या तिथल्या दुसऱ्या पावसाळ्यानंतरची बैठक होती. उजवा हात मांडीवर, डावा खुर्चीच्या हातावर. शेवटच्या रविवारी सरांनी सगळ्यांची चित्रं भिंतीला लावली आणि एकेक बघत गेले. चेहरे छान आले होते. पण पुढे जाता जाता सरांचा पारा चढू लागला, कारण डावा हात कुणालाच जमला नव्हता. एकाच्या चित्रात तो नीट टेकलेला, दुसऱ्याच्या चित्रात कडेवर घसरलेला, तिसऱ्यात मनगटातून लोंबणारा. एकीनं तर इतका खोडला होता की कागद तिथं फाटायला आला होता. सर म्हणाले, तीन वर्षं शिकून एक टेकलेला हात काढता येत नाही, तर आता काय बोलू? मग ती कागद खोडणारी मुलगी हळूच म्हणाली, "सर, मावशींचा हात प्रत्येक वेळी खाली असतो. खुणेवर ठेवतात, पण राहत नाही."

सगळ्यांनी वळून कुंदाकडे पाहिलं. ती चौथऱ्यावर उभी होती, फडकं घेऊन खुणा पुसायच्या बेतात. तिनं डावा हात पदराखाली घेतला. मला आठवतं, खाली लेथ चालू होतं. गेले काही महिने तिच्या हातून कप निसटत होता, साडीची पिन मला लावायला सांगत होती. पण एका भिंतीवर बारा कागदांवर तोच हात बारा जागी दिसला, तेव्हा मला वाटलं, हे काहीतरी भयंकर आहे. लिफ्टमध्ये मी तिला तसं सांगितलंसुद्धा. ती म्हणाली, "कित्याक घाबरतंस? म्हातारी झालंय मी." पण लिफ्टची डावीकडची जाळी तिनं वळून उजव्या हातानं ओढली, हे मी पाहिलं, आणि दुसऱ्याच दिवशी तिला ओढत डॉक्टरकडे नेलं.

पुढचं सांगणं अवघड आहे. एका डॉक्टरनं मानेचा मणका म्हटलं, दुसऱ्यानं व्हिटॅमिन, तिसऱ्यानं सुया टोचून तपासण्या केल्या आणि खुर्ची जवळ ओढून हळू आवाजात सांगितलं. नसांचा आजार. एकेक स्नायू हुकूम ऐकेनासा होत जातो, हातापासून सुरू होऊन गिळण्यापर्यंत आणि श्वासापर्यंत. डोकं मात्र शेवटपर्यंत लख्ख. औषध असं नाही. मी रडले, कुंदा रडली नाही. रिक्षात बसल्यावर तिनं एवढंच विचारलं की रविवारचा वर्ग आहे ना.

सरांना तिनं स्वतःच सांगितलं. ते म्हणाले, मावशी, तुम्हाला जमेल तोवर बसा. नवी बैठक सुरू झाली, तीच खुर्ची, तोच डावा हात. आणि त्या माणसानं आपली इतक्या वर्षांची पद्धत मोडली. एरवी मॉडेलनं खुणेकडे यायचं असतं. आता दर रविवारी कुंदाचा हात जिथं टेकेल तिथं सर नवी रेघ ओढत, जुनीच्या खाली, आणि मुलांना सांगत, आज हात इथं आहे, इथं काढा. जुन्या रेघा पुसू नका, असं कुंदानंच सांगितलं होतं. मी खिडकीशी बसून बघायचे. एक रेघ, तिच्याखाली दुसरी, मग तिसरी, खुर्चीच्या हातावरून पुढच्या दांड्यावर उतरत गेलेल्या. माझं विणकाम हातात तसंच राहायचं. रोज सकाळी उठल्यावर मी माझी बोटं उघडझाप करून बघायला लागले होते, अजूनही बघते. कुणाला हसू येईल, पण चहाचं गाळणं डाव्या हातानं उचललं आणि ते जरा जड वाटलं तरी माझा सगळा दिवस धास्तीत जातो.

शेवटचे काही रविवार तिला चाकाच्या खुर्चीतून मालाच्या लिफ्टनं वर न्यावं लागलं. ती लिफ्ट कण्हायला लागली की कुंदा तोंड वाकडं करून तिची नक्कल करायची, तेव्हा तिला बोलणं जड जाऊ लागलं होतं. मग वर्ग थांबला. चार-पाच रविवारांची ती बैठक कित्येक महिने लांबली, तरी अर्धीच राहिली.

त्यानंतर मी दहिसरला जात राहिले. घोट घोट पेज भरवताना प्रत्येक घोटाला माझा जीव वर यायचा, कारण ठसका लागला तर तिला खोकताही येत नव्हतं. वहिनी बिचाऱ्या दाराशी उभ्या राहून देवाचं नाव घ्यायच्या. कुंदा डोळ्यांनी आम्हा दोघींवर हसायची. ती कधी घाबरलीच नाही, असं लिहिलं असतं तर शोभलं असतं, पण ते खरं नाही. एका दुपारी खोलीत आम्ही दोघीच होतो. मी तिचे पाय चादरीखाली सारखे केले. पावलं मी जशी ठेवली तशीच राहिली. तिनं माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि मोठ्या कष्टानं, एकेक शब्द सोडवत म्हणाली, "शैले... आता रेस्ट नाय गो." तिच्या डोळ्यांत जी भीती मी पाहिली, ती माझ्या आजवरच्या सगळ्या भीतीला पुरून उरेल अशी होती. मी तिचा हात धरून बसले.

मागच्या रविवारी सकाळी सरांचा फोन आला. मी तो बराच वेळ वाजू देऊन मग उचलला. ते म्हणाले, खुर्ची तशीच ठेवली आहे, कुणी पुसायला धजत नाही. पण वर्ग पुन्हा सुरू करायचा आहे, तुम्ही याल का? मी एकटी निघाले. मेट्रोचे सरकते जिने टाळून सगळ्या पायऱ्या चढले-उतरले. वसाहतीत मालाची लिफ्ट उभी होती. जिन्यानं जावं असं फार वाटलं, पण मी लिफ्टमध्ये शिरले आणि जाळी ओढली.

चौथऱ्यावर खुर्ची होती. तिच्यापुढे पावलांच्या दोन रेघा, जरा पुसट, पण अंगठ्याचा वाकडेपणासुद्धा ओळखता येईल अशा. आणि डाव्या बाजूला त्या रेघा, एकीखाली एक, उतरत गेलेल्या. सरांनी ओलं फडकं माझ्या हातात दिलं. मुलं बोर्डामागे उभी होती. मी वाकले, पण हात पुढे होईना. मी सरांना म्हटलं, बैठक अर्धी आहे ना, मग पुसायचं कसं? मी चपला काढल्या आणि चौथऱ्यावर चढले. माझी पावलं तिच्याहून लहान आहेत, रेघांच्या आत ती सहज मावली. डावा हात मी सगळ्यात वरच्या रेघेवर ठेवला. तो थरथरत होता, आणि तो भीतीनंच थरथरतोय ना, याचीही मला भीती वाटत होती. समोर पेन्सिली चालू झाल्या. त्या आवाजात मी बसून राहिले, न हलता, दम कोंडून, तिच्यासारखी... मान अवघडली, पाय बधिर झाले, पुढे पुढे तर ते आपले आहेत की नाहीत हेही समजेना, आणि कुंदा त्या पलंगावर कशी होती, ते मला पहिल्यांदा अंगानं कळलं.

मग सर म्हणाले, "रेस्ट."

मी बोटं हलवली. ती हलली. खुर्चीच्या हाताला धरून मी उठले... मला उठता आलं.

खुणा अजून तिथंच आहेत. या रविवारी मी परत बसणार आहे.