आधी दोन तलवारी, मग एक

रियाधला माझा आठवडा ठरलेला असे. गुरुवारी आठवड्याचं सामान, शुक्रवारी सकाळी धुणं, दुपारी मुलीचा अभ्यास आणि दप्तर, शनिवारी शाळा; तिथे तेव्हा सुट्टी गुरुवार-शुक्रवारची. एका शुक्रवारी मात्र हे सगळं कोलमडलं, ते झेंड्यांमुळे.

मुलगी तेव्हा सहावीत होती. तिच्या भारतीय शाळेच्या मुलींच्या विभागात प्रदर्शन होतं आणि तिच्या वाट्याला विषय आला होता सौदीचा झेंडा कसकसा बदलत गेला हा. चार तक्ते करायचे आणि त्यांच्याशेजारी उभं राहून पाहुण्या सौदी बाईंना माहिती सांगायची. चारचौघांत तोंड न उघडणाऱ्या माझ्या मुलीनं या वेळी आपणहून हात वर केला होता. टीचरनी बजावलं होतं, "शनिवारी सकाळी तक्ते नीट दिसले तरच तू बोलायचंस. नाहीतर तुझ्या जागी सूर्यमालावाला गट."

मी कामाला लागले. कार्डशीट, हिरवा रंग, पांढरा रंग, पट्टी, दोन ब्रश. सामान जमलं, माहिती काही जमेना. लायब्ररीतल्या पुस्तकात जुन्या झेंड्यावर दोन तलवारी होत्या, इंटरनेटवर एकच. कुठे काठीकडे पांढरा पट्टा रुंद, कुठे अरुंद, कुठे गायबच. नवऱ्यानं बँकेतल्या सौदी सहकाऱ्याला फोन लावला. तो हसायलाच लागला म्हणे. पूर्वी झेंडे हातानं शिवायचे, ज्यानं शिवला त्याच्यासारखा झाला.

"मग मी कुठला काढू?" मी विचारलं.

"ते त्यानं नाही सांगितलं," नवरा म्हणाला आणि पेपर घेऊन बसला.

मला आणखी एक गोष्ट कळत नव्हती. देश वाढला की झेंड्यावर काहीतरी वाढायला हवं. नवा मुलूख आला, नवी खूण आली, असा माझा सरळ हिशोब. इथे उलटंच. आधी नुसतं मधलं वाळवंटी नज्द, मग पश्चिमेचं, मक्का-मदिनेचं हिजाझ येऊन मिळालं, राज्य या समुद्रापासून त्या समुद्रापर्यंत गेलं आणि झेंड्यावरचा पट्टा गेला, एक तलवार गेली. मी हे मोठ्यानं बोलत होते. मुलगी ऐकत होती, हे माझ्या ध्यानात नव्हतं.

तीन तक्ते लहान होते, ते पुस्तकातल्या चित्रांवरून अक्षरांसकट कार्बननं गिरवून कसेबसे झाले. चौथा आजचा झेंडा, सगळ्यांत मोठा. त्यावरचा कलमा, म्हणजे अल्लाचं नाव असलेली अरबी ओळ, मी वर्तमानपत्रातल्या चित्रावरून नजरेनं मोठा करत काढायला घेतला. मला अरबी येत नव्हतं; दुकानांच्या पाट्याही मी आकारावरून ओळखायचे. रांगोळी काढावी तशी मी डावीकडून सुरुवात केली. उजव्या कडेला पोचले तेव्हा जागा संपली होती आणि अक्षरं उरली होती.

मुलगी डोकावली. "मम्मा! वो लोग राइट से लिखते हैं. यहाँ तो स्टार्टिंगही नहीं है!"

मी कागद उचलला, फाडायला दोन्ही हातांनी धरला.

"नो! फाडना नहीं है. टीचरने बोला है."

फाडायचा नाही. खोडावं तर तेही बरं दिसेना. कचऱ्यात तर मुळीच नाही. आमच्या इमारतीचा कचरा खाली वॉचमन उपसून बघायचा. मी तो कागद हातात धरून या खोलीतून त्या खोलीत फिरले. शेवटी खालच्या मजल्यावर गेले. तिथे रत्नागिरीकडच्या मुसलमान भाभी राहत, त्यांना अरबी लिहिता-वाचता येई.

त्यांनी चष्मा लावून पाहिलं. "अगो वैनी, शेवटाकडनं सुरू केलंस काय?"

"अर्धाच झालाय ना भाभी. मग टाकला तर चालेल?"

"अर्धा असला म्हणून काय झालं? नाव ते नाव." त्यांनी कागदाची गुंडाळी केली आणि कपाटावर ठेवून दिली. "जुनी पानं मशिदीत पाठवते ना, त्यात जाईल. आता नवीन आण."

दुकान असरच्या, म्हणजे दुपार कलतानाच्या नमाजानंतर उघडलं. नवरा कार्डशीट घेऊन आला. भाभी वजू करून, नमाजाआधी धुतात तसे हातपाय-तोंड धुऊन, ओल्या हातांनी वर आल्या. मला समजेना, मीही काही करायचं असतं का.

"भाभी, टिकली काढू?"

"टिकलीनं लिवणार हायस काय? हात धू नि बस."

त्या उजवीकडून पेन्सिलीनं लिहीत आल्या, मी मागून पांढरा रंग भरत गेले. तलवारीची मूठ कुठल्या बाजूला, यावर आमचं दोनदा वाजलं.

शनिवारी सकाळी टीचरनी चारही तक्ते पाहून मान डोलावली. पाहुण्या बाई आल्या, तक्त्यांसमोर थांबल्या. मुलीचं पाठ केलेलं भाषण दुसऱ्या वाक्याला अडलं. ती माझ्याकडे पाहू लागली, मी पायांकडे. मग ती इंग्रजीत म्हणाली, "माझी आई म्हणते, देश मोठा होत गेला आणि झेंड्यावरच्या वस्तू कमी होत गेल्या. असं का, ते आम्हाला माहीत नाही."

पाहुण्या बाई दोन तलवारींवरून एका तलवारीवर आल्या. पुन्हा मागे गेल्या. "मी हे कधी मोजलं नव्हतं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी मुलीला तिसऱ्या तक्त्याबद्दल विचारलं आणि आश्चर्य म्हणजे ती बोलत राहिली. सूर्यमालेची पाळी आली तरी तिचं चालूच होतं.

प्रदर्शन संपल्यावर तक्ते घरी आले. आता चार कागद, चारही टाकायचे नाहीत. भाभींना विचारलं.

"माझं कपाट काय म्युझियम आहे? पोरीचे आहेत, तुझ्याकडंच ठेव. उंचावर मात्र."

घरात उंच जागा एकच, माझ्या कपाटाचा वरचा कप्पा. तिथे चादरीआड, डब्यात बंद करून, आमचे देव ठेवलेले; त्या देशात ते उघड्यावर मांडता येत नसत. आता वर काय, खाली काय? मी पुन्हा खाली गेले. भाभींनी चष्मा काढून ठेवला. "ते मला नको गो विचारू," त्या म्हणाल्या. "मलाही ठाऊक नाही."

मुलगी स्टुलावर चढली. तिनं डबा डावीकडे सरकवला, गुंडाळ्या उजवीकडे ठेवल्या, मधे चादर कोंबली. "नाऊ डोन्ट टच," म्हणाली आणि तिसऱ्या तक्त्याबद्दल काय काय सांगितलं ते वडिलांना ऐकवायला पळाली. कप्प्यातली ती मांडणी बरोबर आहे की नाही, हे मी कुणालाच विचारलं नाही.