दंडावरची खूण

आमच्या ख्रिस्ती मंडळीनं मला वडील, म्हणजे पुढारी, म्हणून निवडलं तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो, आणि देवाला याहून बरा माणूस मिळणं शक्यच नव्हतं अशी माझी खात्री होती. निजामाचं राज्य होतं. कळमनुरीपासून दोन कोसांवर आमचं गाव आणि गावाबाहेर आमची नऊ ख्रिस्ती घरं. नऊ घरांत वाचता येणारा मी एकटाच, कारण लहानपणी चार वर्षं मिशनच्या बोर्डिंगात काढलेली. देवापुढं निवडीला केवढी गर्दी होती, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

मिशनचे पाळकसाहेब महिन्यातून एकदा उपासना घ्यायला बैलगाडीनं येत. बाकीचे रविवार माझे. मी बाळापूरच्या बाजारातून काळा कोट आणला आणि तो भर उन्हाळ्यातही काढत नसे. घाम गाळणं हीसुद्धा सेवाच, असं मला वाटे. नम्रतेवर तर मी इतका लांब उपदेश करी की आधी लेकरं झोपत, मग त्यांच्या आया.

शेवटच्या घरात एक म्हातारी विधवा राहायची. आमच्यात सगळ्यांच्या आधी बाप्तिस्मा घेतलेली तीच. मी तिला मावशी म्हणायचो. एका रविवारी ती भर उपासनेत घोरायला लागली, तेव्हा मी तिला सगळ्यांदेखत उठवलं.

"मावशे, देवानं निवडलेल्या माणसाचं ऐकावं जरा."

ती डोळे चोळत म्हणाली, "ऐकून राहिले की बाबा. पण तुला काहून निवडलं, ते सांगितलं का त्यानं?"

या प्रश्नाचं उत्तर मी पुढच्या रविवारी दीड तास दिलं.

त्याच उन्हाळ्यात गावात देवीची साथ आली. मावशीला ताप भरला, अंगभर फोड उठले. तिला मूलबाळ नव्हतं. शेजाऱ्यांनी दारं लावून घेतली. मी मात्र मागे हटलो नाही. तिच्या दारापासून चांगल्या वीस पावलांवर, लिंबाच्या सावलीत उभं राहून मी खणखणीत आवाजात प्रार्थना केली. दोन दिवस केली. एकदा आतून "पाणी" असं ऐकू आलं. मी आवाज चढवला.

तिसऱ्या दिवशी सकाळी गावातला म्हातारा पिंजारी रिकामी घागर घेऊन तिच्या झोपडीतून बाहेर आला. हा मुसलमान माणूस गाद्या भरायला घरोघर जायचा. तोंडभर देवीचे जुने व्रण.

"चाचा, तुमी काहून गेले आत?"

"मला येऊन गेली लहानपणी. आता काय व्हतंय मला? तुमची दुवा बराबर हाय, पर म्हातारीची जीभ वाळून गेली."

घरी येऊन मी बायकोला सांगितलं, देवानं परक्या माणसाला धाडलं, त्याची करणी अगाध आहे. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "कोट काढा."

"आँ?"

"काढा म्हणते."

मी काढला. तिनं पिठाचं बोट माझ्या दंडावर टेकवलं. तिथं बोर्डिंगात देवी काढल्याच्या दोन खुणा होत्या.

"नऊ घरांत टोचलेलं माणूस कोण हाय दुसरं? म्या हाय का? तुमालाच धाडलं व्हतं त्यानं. तुमी गेले न्हाई म्हणून चाचाला तकलीफ."

मला एकही वचन आठवलं नाही. त्या खुणांवर माझा स्वतःचाही फारसा भरवसा नव्हता. तरी गेलो. आत शिरल्या शिरल्या वासानं ओकलो, ती माझ्या सेवेची सुरुवात. मावशीचे डोळे सुजून मिटले होते.

"कोण हाय?"

"मी. मंडळीचा वडील."

"मंडळी कुटं हाय?"

"मी एकटाच आलो."

"मग पाणी पाज."

सकाळी चाचा येई, दुपारनंतर मी. लिंबाच्या पाल्यानं माशा हाकायच्या, घाण काढायची, राख टाकायची, पिंजलेल्या कापसानं फोड टिपायचे. एकदा तिनं माझं मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. मी दोन दिवस वीस पावलांवर उभा होतो, हे तिला ठाऊक होतं. ती त्याबद्दल एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

ती वाचली. उजवा डोळा मात्र गेला.

बायकोनं मग विचारलं, "आपल्या लेकरायचं काय?" माझी स्वतःची तीन लेकरंही टोचलेली नव्हती. माझं सगळं लक्ष आत्म्यांकडे असल्यामुळं दंड राहून गेले होते. दोन बैलगाड्या मागून आणल्या, आया लेकरं सोडेनात म्हणून प्रत्येक दारात हात जोडले, चाचाची दोन नातवंडं घेतली आणि सगळ्यांना कळमनुरीच्या सरकारी दवाखान्यात टोचून आणलं.

तीन-चार दिवसांत लेकरांचे दंड सुजले, ताप आला. आया भांडायला माझ्या दारात. "आमचं लेकरू चांगलं व्हतं! तुमाला कुणी सांगितलं व्हतं?" मी कुणालाच वचन ऐकवलं नाही. बादलीत फडकी भिजवली आणि जी सगळ्यात मोठ्यानं ओरडत होती, तिच्या घराकडं आधी निघालो.