टेप घेऊन आलेले साहेब

हसणार असाल तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे मधे अडवायला नको. आमच्या कॉलनीत बाग कशी झाली हे सगळेच सांगतात. पण ती माझ्यामुळं हातची जाता जाता कशी राहिली, ते मीच सांगितलेलं बरं. दुसरा कुणी सांगेल तर वाढवून सांगेल, आणि खरं सांगू का, वाढवायला मी काही शिल्लक ठेवलेलंच नाही.

मी एसटीत कंडक्टर होते. पंचवीस वर्षं सातारा-सांगली, सातारा-आटपाडी करून रिटायर झाले आणि घरात बसवेना. स्वयंपाकघरात उभी असले तरी तोंडातून "पुढं सरका" निघायचं. आमचे हे एकदा म्हणाले, "मालन, घरात आपण दोघंच आहोत. सरकू तरी कुठं?"

आमची कॉलनी साताऱ्यात, टेकडीच्या पायथ्याला. मधोमध एक मोकळी जागा. कागदावर ती बाग होती. प्रत्यक्षात कंबरेएवढं गवत, डुकरं आणि फुटक्या बाटल्या. एक दिवस तिथल्या विजेच्या खांबावर नगरपालिकेची नोटीस लागली. या जागेत बाग करायची आणि तिथून ओढ्याच्या कडेनं टेकडीवरच्या देवळापर्यंत चालायला वाट काढायची. आराखडा रहिवाशांना विचारून करणार. आमचे अधिकारी या आठवड्यात येऊन तुमची मतं घेतील.

'विचारून' हा शब्द मी तीनदा वाचला. सरकारनं आजवर मला पुष्कळ काही कळवलं होतं, विचारलं मात्र कधीच नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी घरोघर जाऊन सांगितलं, "अधिकारी आले की कुणी एकट्यानं बोलायचं नाही. मी हाक मारते, सगळे रांगेत या."

सोमवारी सकाळी दहाला गच्चीवर कपडे वाळत घालताना बघते तर काय, मोकळ्या जागेत एक माणूस टेप घेऊन फिरतोय. पन्नाशीचा, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, बगलेत वही. मोजतोय, लिहितोय, मान तिरकी करून जागेकडं बघतोय. आता तुम्हीच सांगा, हा माणूस कोण वाटेल?

ओले हात पदराला पुसत मी धावतच खाली गेले.

"नमस्कार साहेब. तुमचीच वाट बघत होतो."

तो जरा दचकला, पण माणूस नम्र. "नमस्कार. इंगळेसाहेबांचा फोन झाला होता. म्हणले, जागा बघून घ्या. तुमी घरच्याच का?"

इंगळे आमच्या शेवटच्या ओळीत राहतात. मला वाटलं, बघा, इंगळ्यांनी नगरपालिकेत फोन करून काम मार्गी लावलंय. आणि 'घरच्याच' म्हणजे कॉलनीतल्याच. मी छातीवर हात ठेवून म्हणाले, "घरचीच म्हणा की. सगळं माझ्याच अंगावर आहे."

"मग बरं झालं आत्याबाई," तो म्हणाला. "सांगा, काय काय पायजे."

आत्याबाई म्हणाला तेही मला गोड वाटलं. काय साधे अधिकारी असतात हल्ली, असं मनात आलं. मी कॉलनीला हाका मारल्या आणि पाच मिनिटांत वीस माणसं जमा झाली.

सगळ्यांत पुढं सुभेदार आबा. फौजेतून आलेला ताठ माणूस, पण गुडघ्यांनी दगा दिलेला. ते म्हणाले, "साहब, सीढी नको. पायरी आली की मी बाहेरच राहतो. उतार करा, हाताला धरायला कठडा द्या."

साहेबांनी लिहून घेतलं. "करतो की. उतार करू."

माझी शेजारीण शकू म्हणाली, "बायकांना बसायला आडोसा पायजे. पण आतनं बाहेरचं समदं दिसलं पायजे."

"व्हय, जाळीचा पडदा लावू."

पडदा म्हणाल्यावर मला जरा नवल वाटलं, पण साहेबांच्या बोलण्यात कशाला पडा. मी स्वतः म्हणाले, "साहेब, चालायचा रस्ता चांगला गोल फिरून आला पाहिजे."

"लाल करायचा का हिरवा?"

मी भाचीकडं पुण्याला गेले होते तेव्हा तिथला चालायचा रस्ता लाल बघितला होता. म्हणाले, "लालच."

"लाल शोभतोय," ते म्हणाले. "कारंजं टाकू का मधी? रंगीत लायटीचं हाय आपल्याकडं."

कारंजं म्हणताच लोकांनी चक्क टाळ्या वाजवल्या.

"आणि इथून टेकडीच्या देवळापर्यंत वाट पाहिजे. दिवे पाहिजेत दोन्ही बाजूंनी."

"देवदर्शनाला जायचं का तिकडनं?"

"म्हणजे काय. रोज म्हातारी माणसं चाचपडत जातात."

"मग दिवं लावू. कवा पायजे समदं?"

मी म्हणाले, "तुम्ही सांगाल तेव्हा. आमची घाई नाही. वर्षभरात झालं तरी चालेल."

ते हसायला लागले. "तुमी लय गंमत करता. शुक्रवारी सकाळी तयार मिळंल."

त्या दिवशी कॉलनीत सणासारखं वातावरण होतं. शुक्रवारी बाग. आमचे हे एकटेच म्हणाले, "चार दिवसांत नगरपालिका बाग करते?" मी म्हणाले, "माणसात दानत असली की होतं. मी पंचवीस वर्षं माणसं बघितलीत. चेहरा बघून सांगते कोण कुठं उतरणार."

बुधवारी दुपारी स्कूटीवरून एक मुलगी आली. जीन्स, पाठीवर पिशवी, हातात गुंडाळलेला मोठा कागद. मी दारातच शेंगा फोडत बसले होते.

"काकू, दोन मिनिटं आहेत का? बागेबद्दल तुमचं मत घ्यायचं होतं."

"आमची मतं देऊन झालीत."

"कुणाला दिलीत?"

"साहेबांना. ते स्वतः आले होते, टेप घेऊन."

"कोणते साहेब? या कामावर मीच आहे, काकू." तिनं गळ्यातलं कार्ड पुढं केलं.

आता चूक बघा माझी. मी त्या कार्डाकडं बघितलंसुद्धा नाही. पंचवीस वर्षं लोकांनी मला दुसऱ्याचे पास दाखवलेत. मी म्हणाले, "बाळ, काय विकायला आली असशील ते दुसऱ्या कॉलनीत वीक. इथं आम्ही शहाणी माणसं आहोत."

ती बिचारी आणखी चार दारांत गेली. तिथंही सगळ्यांनी एकच सांगितलं, "मालनताईंना विचारा." शेवटी झाडाखाली उभं राहून तिनं कागदावर काहीतरी लिहिलं आणि निघून गेली. मी शकूला म्हणाले, "बघितलंस, कशी पळाली."

गुरुवारी दिवेलागणीला टेम्पो आला आणि बांबू उतरले. कुणीतरी विचारलं, बांबू कशाला? मी म्हणाले, सेंटरिंगला.

शुक्रवारी सकाळी सहाला सगळी कॉलनी बूट घालून हजर. सुभेदार आबा तर पांढरे कॅनव्हासचे बूट आणि कानटोपी घालून आलेले. आणि समोर काय दृश्य. गवत साफ. आत जायला लाकडी उतार, त्याला कठडा. गोल फिरणारा लालभडक रस्ता. मधे कारंजं, निळं-पिवळं पाणी उडतंय. एका कोपऱ्यात जाळीचा पडदा. टेकडीच्या वाटेवर दोन्हीकडं ट्यूबलाइटा. आणि सगळ्यावर छप्पर.

शकू म्हणाली, "मालनताई, बागंला छप्पर?"

"उन्हाचं," मी म्हणाले.

"आणि रस्ता मऊ लागतोय."

"आबांच्या गुडघ्यांसाठी."

सुभेदार आबा काठी बाजूला ठेवून लाल रस्त्यावरनं निघाले, ते तीन फेऱ्या मारूनच थांबले. त्यांचे डोळे भरून आलेले मी बघितले. बायका जाळीमागं जाऊन बसल्या, तिथनं बाहेरचं सगळं दिसतं याची खात्री करून घेतली. सांगते, माझ्या आयुष्यात मला इतकं मोठं झाल्यासारखं कधी वाटलं नव्हतं.

तेवढ्यात एका माणसानं शिडीवर चढून आत शिरायच्या कमानीवरची कापडाची गुंडाळी सोडली. वर सोनेरी अक्षरं. 'इंगळे परिवार आपले सहर्ष स्वागत करीत आहे.'

आता तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडावा की नाही? नाही पडला. मला वाटलं, इंगळ्यांनी फोन केला तो एवढ्यासाठी, बागेला स्वतःचं नाव द्यायला. मी तशीच तरातरा त्यांच्या दारात गेले. ते टॉवेल गुंडाळून दात घासत होते.

"इंगळे, बागेला तुमचं नाव कुणाला विचारून दिलंत?"

"कसली बाग?" ते तोंडातला फेस सांभाळत म्हणाले. "मांडव हाय तो. आज सुमीची हळद न्हाई का? गल्ली पाइपलाइनला उकरलीय म्हणून मोकळ्या जागेत घातलाय."

सुमीच्या लग्नाची पत्रिका माझ्या फ्रीजवर लावलेली होती. नवरा शिराळ्याचा, तेसुद्धा मला पाठ होतं.

इंगळे टॉवेलवरच बाहेर आले आणि मांडव बघून जागीच उभे राहिले. मागनं माझे साहेब लगबगीनं आले. "या इंगळेसाहेब. बघा, समदं सांगितल्यापरमाणं केलंय."

"शौकतभाई, मी साधा मांडव सांगितलावता. हे कारंजं कुणी सांगितलं? आणि टेकडीपतोर दिवं?"

"आत्याबाईंनी," असं म्हणून शौकतभाईंनी माझ्याकडं बोट दाखवलं.

"कुणाच्या आत्याबाई?"

"नवरीच्या. म्हणल्या, समदं माझ्याच अंगावर हाय."

वीस माणसं बूट घालून माझ्याकडं बघत होती. आबा अजून लाल गालिच्यावर उभे होते. खाली उतरावं का तिथंच थांबावं हे त्यांना कळेना.

मला वाचवलं ते सुमीनं. ती आईच्या मागनं आली, कारंज्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, "बाबा, ह्यातलं काही काढायचं न्हाई." दुपारी शिराळ्याची म्हातारी पाहुणे मंडळी त्या उतारावरनं कुणी हात न धरता आत गेली, आणि संध्याकाळी अख्खा मांडव दिव्यांच्या वाटेनं देवाला जाऊन आला. इंगळ्यांनी मला जेवायला वाढलं. पण वाढताना प्रत्येक पाहुण्याला ओळख करून देत होते, "ह्या आत्याबाई."

जेवता जेवता माझ्या एकदम डोक्यात आलं. शौकतभाई मांडववाले, तर मग ती स्कूटीवाली मुलगी कोण?

सोमवारी नगरपालिकेत गेले. शौकतभाई आपण होऊन बरोबर आले. म्हणाले, "चुकी दोघांची हाय आत्याबाई. मीबी पत्रिका बघून विचारायला पायजे व्हतं." ती मुलगी, देशमाने मॅडम, टेबलामागं बसल्या होत्या. मला बघून पेनाचं टोपण लावलं.

"काकू, मी काही विकत नाही."

मी हात जोडले. त्यांनी फाइल माझ्याकडं वळवली. आमच्या कॉलनीपुढं लिहिलं होतं, 'रहिवासी चर्चेस उत्सुक नाहीत.' संध्याकाळी तो अहवाल वर जाणार होता, आणि बाग ओढ्यापलीकडच्या कॉलनीला.

मी ती ओळ बोटानं झाकली. तेव्हा शौकतभाईंनी बगलेतली वही टेबलावर ठेवली. "मॅडम, ही माणसं उत्सुक न्हाईत म्हणता? जरा वाचा."

मॅडम वाचायला लागल्या. सुभेदार आबा, पायरी नको, उतार, कठडा डाव्या हाताला, उजव्या हातात काठी असती. शकूबाई, आडोसा, पण आतनं बाहेरचं दिसलं पायजे. देवळाची वाट, वळणावर दिवा, तिथं ओल असती. पानामागून पान. कुणाला काय पाहिजे आणि का पाहिजे, सगळं. शेवटच्या पानावरून त्या पुन्हा पहिल्या पानावर आल्या.

"हे सगळं तुम्हाला कसं सांगितलं लोकांनी? मी चार कॉलन्या फिरले. सगळे म्हणतात, बाकं टाका."

"आमी बाकी काय करतो, मॅडम," शौकतभाई म्हणाले. "लग्नघरात उभं राहून ऐकावं लागतंय. एक म्हातारी रुसली तरी काम बिघडतंय."

मॅडमनी फाइलमधली ती ओळ खोडली. पेन चालल्याचा आवाज मला ऐकू आला, आणि उठून त्यांना मिठी मारावी इतका आनंद झाला. मारली नाही. तेवढी अक्कल तोवर आली होती.

पुढच्या रविवारी त्या नकाशा घेऊन कॉलनीत आल्या. या वेळी त्यांचं कार्ड मी दोनदा वाचलं आणि सगळ्यांना वाचायला लावलं. लोकांनी नकाशावर बोटं ठेवून ठेवून सांगितलं, भांडणंही झाली, आणि आराखडा ठरला. उतारासकट, आडोशासकट, वळणावरच्या दिव्यासकट. कारंजं तेवढं मॅडमनी नाकारलं.

शेवटी त्या म्हणाल्या, काम पूर्ण होईपर्यंत लक्ष ठेवायला रहिवाशांची एक समिती हवी. मी पदर सारखा केला. पण कॉलनीनं एकमतानं पहिलं नाव दिलं ते शौकतभाईंचं. ते आमच्या कॉलनीत राहतसुद्धा नाहीत.

मी घसा खाकरला. मॅडमना माझी दया आली असावी. म्हणाल्या, "काकू, तुमच्यासाठीही काम आहे. जबाबदारीचं."

मी मुद्दाम बरोबर आणलेली वही लगेच उघडली.

"बैठकीला माणसं येतील. त्यांना बसायला सतरंज्या घालाल ना?"

तेव्हापासून आमच्या बागेचा आराखडा मांडववाले बघतात, आणि मांडव मी घालते.